भंगारातला ब्रेक : लोखंड जुने चालेल, रबर नाही

कापडाच्या बाजारात एक रीत फार जुनी आहे. गिरणीतून निघालेल्या मालाची प्रतवारी होते. बिनदोष तो फ्रेश, किरकोळ दोषाचा तो सेकंड, लहान तुकड्यांचा तो फेंट आणि त्याच्याही खाली चिंधी. चारही माल विकले जातात, चारही मालांना गिऱ्हाईक आहे आणि चारही मालांवर व्यापाऱ्याचे घर चालते. सेकंड माल विकण्यात कमीपणा नाही. सेकंडवर फ्रेशचा शिक्का मारला की मात्र ती फसवणूक होते. मालाचा ऐब सांगून सौदा करावा, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली आहे.

मोटारीच्या जुन्या भागांच्या बाजारात मात्र अशी प्रतवारी नाही. आरसा, दरवाजा, सीट यांचे एक वेळ ठीक आहे. पण ज्या भागावर माणसाचा जीव टांगलेला असतो त्या ब्रेकचीही प्रत कोणी लावीत नाही. म्हणून आम्ही कापडवाले असूनही या विषयावर चार शब्द लिहीत आहोत. मुंबईत कुर्ला व चोर बाजार, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट अशा बाजारांत आपले किती तरी बंधू जुन्या भागांच्या व्यापारात आणि गॅरेजच्या कामात आहेत. हा धंदा त्यांचा आहे व त्याची अब्रूही त्यांचीच आहे.

अलीकडे गॅरेजवर एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. तरुण मुलगा जुनी स्पोर्ट्स गाडी हौसेने घेतो. इंजिन जोरदार आहे, पण ब्रेक जुन्या काळचे. कंपनीचे नवे मोठे ब्रेक त्याच्या खिशाला परवडत नाहीत. तो मिस्त्रीला म्हणतो, “उस्ताद, भंगारातून एखाद्या मोठ्या गाडीचे ब्रेक काढून बसवून द्या.” मागणी गैर नाही. मुंबईच्या गिरण्यांतून निघालेले जुने माग घेऊनच भिवंडी, मालेगावच्या किती तरी विणकरांनी आपले कारखाने उभे केले. जुन्या यंत्रातून नवे काम उभे करणे ही कारीगराची कला आहे. पण कला आणि जुगाड यांत फरक आहे, आणि ब्रेकच्या कामात तो फरक रस्त्यावर दिसतो.

या कामाचे एक नामांकित उदाहरण अमेरिकेतले आहे. जपानच्या निसान कंपनीची दात्सुन २४० झेड ही दोन आसनी गाडी १९७० ते १९७३ या काळात तेथे विकली गेली. सहा सिलिंडरचे सुमारे २,४०० सीसीचे इंजिन, पुढे साध्या एकजीव डिस्क व दोन पिस्टनचे कॅलिपर, मागे ड्रम. तेथील भंगाराच्या आवारात गिऱ्हाईक स्वतः पाने घेऊन जातो आणि हवा तो भाग खोलून आणतो. या शौकिनांना असे आढळले की टोयोटाच्या फोर बाय फोर पिकअपचे, १९७९ ते १९८५ या काळातले चार पिस्टनचे कॅलिपर दात्सुनच्या मूळ बोल्टांच्या जागी बसतात. धूळ अडविणारा पत्रा थोडा कापावा किंवा वाकवावा लागतो, ब्रेकची नळी बदलावी लागते, बस्स. भंगाराच्या भावात चार पिस्टनचे ब्रेक मिळाले, म्हणून ही युक्ती फार लोकप्रिय झाली.

आता यातला हिशेब पाहू. चार पिस्टनचा कॅलिपर डिस्कला जास्त जोराने दाबतो हे खरे. पण डिस्क तीच, जुनीच. हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असताना तिच्या अंगी सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा असते. ५० च्या वेगात ती सुमारे ९६ असते. म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ही सारी ऊर्जा ब्रेक दाबल्यावर उष्णता होऊन लोखंडात जाते. पुढच्या दोन चाकांनी त्यातील ७० टक्के भार घेतला आणि एकेक डिस्क ५ किलोची धरली, तर १०० च्या वेगातून एकदा थांबण्यात प्रत्येक डिस्क जवळजवळ ६० अंशांनी तापते. एकदा थांबल्याने काही बिघडत नाही. पण कसारा घाट उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक मारला आणि डिस्कला थंड व्हायला सवड मिळाली नाही, तर उष्णता साठत जाते. पॅडची पकड सुटू लागते आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. कॅलिपर दोन पिस्टनचा असो की चारचा, उष्णता पिणारे लोखंड वाढले नाही तर घाटातला हा धोका कायम राहतो.

म्हणून जाणत्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्याच टोयोटाचा नंतरच्या काळातला, रुंद डिस्कसाठी बनलेला कॅलिपर त्यांनी घेतला. त्याला निसान ३०० झेडएक्स गाडीची, आत हवा खेळण्यासाठी पोकळ जागा असलेली डिस्क जोडली, आणि हब व डिस्क यांच्या मध्ये लेथवर कातलेली चकती टाकली. हे खरे सुधारणेचे काम. यात लेथवाल्याचे कसब लागते, माप लागते आणि अर्थात पैसाही थोडा जास्त लागतो.

दुसरी अडचण पेडलची. मोठ्या पिस्टनांना जास्त ऑईल लागते, त्यामुळे पेडल खोल जाऊ लागते. यावर उपाय म्हणून २८० झेडएक्स गाडीचा मोठा मास्टर सिलिंडर बसवितात. मूळचा ७/८ इंची, हा १५/१६ इंची. आकड्यात फरक बारीक वाटतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढते. पेडल वर येते, मात्र पायाला जोरही तेवढाच अधिक लावावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही. ताण्याची सुते बदलली की बाण्याचाही हिशेब पुन्हा करावा लागतो, तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाडी शेवटी टायर थांबवितो. पुढचे ब्रेक गरजेपेक्षा जोरदार झाले व मागचे तसेच राहिले, तर पुढची चाके लवकर जाम होतात आणि स्टीअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. उलट मागचे ब्रेक वाजवीपेक्षा जोरदार झाले, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी गर्रकन फिरते. हा दुसरा प्रकार अधिक भयंकर. म्हणून मागे ड्रम काढून डिस्क बसविणाऱ्या मिस्त्रीने पुढचा-मागचा तोल मोकळ्या जागेत, कमी वेगात तपासल्याशिवाय गाडी गिऱ्हाईकाच्या हाती देऊ नये. आणि हँडब्रेक लागतो की नाही हे पाहणे तर आलेच.

आता आम्ही आमच्या मूळ मुद्द्यावर येतो. कापडासारखीच ब्रेकच्या जुन्या मालाचीही प्रत लावता येईल. आमच्या मते तीन प्रती पुरेशा आहेत.

पहिली प्रत : जुना माल बेलाशक घ्यावा असा. कॅलिपरची बॉडी, ब्रॅकेट, बोल्ट बसण्याची कानपट्टी. हे धातूचे भाग असतात आणि डोळ्यांनी व मापाने त्यांची परीक्षा होते. मात्र भाग कोणत्या गाडीचा, हे माहीत असले पाहिजे. गाडीला जेथे ठोकर बसली त्या कोपऱ्यातला भाग घेऊ नये. तडा गेलेला किंवा वेल्डिंग केलेला भाग थेट वितळायला पाठवावा. पुरात बुडालेल्या गाडीचा भाग असेल तर आतला गंज उघडून पाहावा. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत किती तरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, आणि तसे पूर पुढेही येत राहिले आहेत.

दुसरी प्रत : मोजून मगच घ्यावा असा. डिस्क, ड्रम, पिस्टन, मास्टर सिलिंडरची बॉडी. डिस्कवर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. त्याच्या खाली उतरलेली डिस्क कितीही चकचकीत दिसली तरी ती भंगारच. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नवे रबरही तेथे टिकत नाही. सिलिंडरच्या आत बोट फिरवून ओरखडा लागतो का ते पाहावे.

तिसरी प्रत : जुना कधीच घेऊ नये असा. वॉशर-सील, रबरी होज, पॅड, ब्रेक शूचे लायनर आणि ऑईल. रबर बाहेरून धड दिसते व आतून कुजलेले असते. जुन्या काळच्या पॅड-लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असे. त्याची धूळ फुफ्फुसात जाते. म्हणून जुने ड्रम हवेच्या पाइपाने फुंकू नयेत, ओल्या फडक्याने पुसावेत. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा पिते. डॉट ३ जातीचे नवे ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे, पण ओलावा प्यालेल्या ऑईलसाठी तेच प्रमाण १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. घाटात ऑईल उकळले की नळीत वाफ होते, आणि पेडल सरळ तळाला जाते. तेव्हा बचत करायची ती लोखंडात करावी. या तिसऱ्या प्रतीत केलेली बचत ही बचत नव्हे.

कामाच्याही दोन गोष्टी सांगून ठेवतो. आपल्या जाणत्या मिस्त्रींना त्या ठाऊक आहेत, पण शागिर्दांना सांगितल्या पाहिजेत. कॅलिपर नेहमी डावा-उजवा असा जोडीने, एकाच गाडीचा घ्यावा. उजवा डाव्या बाजूला बसविला तर एअर काढण्याचा निप्पल खाली जातो. हवा वर अडकून राहते आणि कितीही पेडल मारले तरी ब्रेक स्पंजासारखा लागतो. दुसरे, ब्रेकचे रबर पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑईलने धुऊ नये. ते फुगते आणि पिस्टन जाम करते. ब्रेक ऑईलनेच धुवावे.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले आहे. ब्रेकचे माप नोंदणीपुस्तकात नसते, म्हणून वाटेल ते चालेल असे कोणी समजू नये. विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर निघाला तर दावा अडकू शकतो. हे गिऱ्हाईकाला काम हाती घेण्याआधीच सांगावे.

आणि शेवटी कागद. चोरीच्या गाड्या तोडून भाग विकले जातात, या कारणावरून मेरठचा सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१ मध्ये बंद करण्यात आला. गाड्या मोडीत काढण्यासाठी सरकारने त्याच वर्षी नवे नियम करून नोंदणीकृत केंद्रांची व्यवस्था आणली. बाजारावर संशय आला की कागद असलेला आणि नसलेला, दोघेही एकाच तराजूत तोलले जातात. तुमच्या दुकानातला कॅलिपर कोणत्या मेकच्या, कोणत्या सालच्या, कोणत्या गाडीतून निघाला आणि ती गाडी कोणाकडून घेतली, याची दोन ओळींची चिठ्ठी असेल तर ती पोलिसापुढेही चालते आणि गिऱ्हाईकापुढेही.

काही दुकानदार म्हणतील, एवढी चिठ्ठी-चपाटी केली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. आम्हाला तसे वाटत नाही. कापडात सेकंडचा शिक्का मारणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, कारण त्याच्या फ्रेशवर त्याचा विश्वास बसलेला असतो. ज्या मुलाला तुम्ही सांगाल की बेटा, कॅलिपर माझ्याकडून घे, पण रबर किट, होज आणि पॅड नवेच टाक, तो मुलगा तुमचे दुकान दहा जणांना सांगेल.

तेव्हा जुन्या भागांच्या व्यापाऱ्यांना आणि मिस्त्रींना आमचे एवढेच सांगणे आहे. आपापल्या बाजारात एकदा बसा आणि तीन गोष्टी ठरवा. ब्रेकचा प्रत्येक जुना भाग प्रत लावूनच विकायचा. तिसऱ्या प्रतीचा माल दुकानात ठेवायचाच नाही. आणि चिठ्ठीशिवाय जोडी द्यायची नाही. यासाठी सरकारी परवाना लागत नाही आणि भांडवलही लागत नाही. एका बाजाराने सुरुवात केली तरी बाकीच्यांना मागोमाग यावे लागेल.