पेटींतलें कापड

पुष्कळ घरांत अशी एक पेटी असते कीं, जिच्यांत कापड जातें पण बाहेर येत नाहीं. कोणाच्या लग्नांत मिळालेला खण, गिरणीच्या सुती कापडाचा तीन वार तुकडा, नातलगांनीं परदेशांतून धाडलेलें लोंकरीचें कापड, हें सर्व 'चांगल्या प्रसंगासाठीं' म्हणून डांबराच्या गोळ्या घालून ठेविलें जातें. प्रसंग येतो तेव्हां कापड घडीवर विरलेलें असतें. त्याच घरांतील मुलगी मात्र बाजारांतून तयार स्कर्ट आणते, व चार धुण्यांत तो विटला म्हणून टाकून देते. हीं दोन्ही आम्हांस एकाच दोषाचीं रूपें वाटतात. म्हणून आमची पालकांस विनंति आहे कीं, त्यांनीं ह्या सुटींत पेटी उघडून त्यांतील एक कापड मुलांच्या हातीं द्यावें, व मुलांनीं त्याचा, एखाद्या जुन्या कागदी नमुन्यावरून, स्कर्ट शिवावा. 'मुलांनीं' असें आम्ही जाणूनबुजून लिहितों. गांवचा शिंपी बहुधा पुरुषच असतो. मग शाळेंतील शिवणाचा तास तेवढा मुलींचा कां, हें कोडें आम्हांस आजवर सुटलेलें नाहीं.

नमुना जुनाच कां, असें कोणी विचारील. जुनेपणाची हौस हें त्याचें कारण नव्हे. निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्याचा धंदा अमेरिकेंत एबेनेझर बटरिक नांवाच्या शिंप्यानें १८६३ सालीं सुरू केला, व तेव्हांपासून असे नमुने अगणित निघाले. त्यांत आम्हांस पसंत आहेत ते १९४० नंतरच्या पांचसहा वर्षांतले, कारण ते टंचाईंत जन्मले. ब्रिटनमध्यें जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपड्यांचें रेशनिंग होतें. आरंभीं प्रौढ माणसास वर्षाचीं ६६ कुपनें मिळत, आणि ३६ इंच पन्ह्याच्या लोंकरी कापडाच्या एका वारालाच ३ कुपनें जात. जुन्याचें नवें कसें करावें हें शिकविणारी पुस्तिका १९४३ सालीं सरकारनेंच काढली. अमेरिकेंत १९४२ सालीं स्कर्टाच्या घेरासही सरकारी हुकुमानें मर्यादा पडली. अशा दिवसांत ज्यानें नमुना बेतला, त्यानें इंच इंच कापडाचा विचार केलेला असतो. १९४७ च्या फेब्रुवारींत पॅरिस येथें ख्रिस्तियन दिओर ह्यांनीं वारेंच्या वारें कापड खाणारे स्कर्ट दाखविले. ते नमुने ज्यांची पेटी फारच मोठी असेल त्यांनीं खुशाल घ्यावे. आपल्याकडेही आईच्या जुन्या लुगड्याचा परकर होई, आणि परकर फाटला कीं तो गोधडींत जाई. तेव्हां ही विद्या आपणांस अगदींच परकी आहे असें नाहीं.

पाकिटावरील नंबरानें मात्र फसूं नये. त्या काळच्या अमेरिकन नमुन्यांत १४ नंबर म्हणजे ३२ इंच छाती. आज तोच नंबर ३६ इंचांचा धरतात. स्कर्टासाठीं कंबर व नितंब ह्यांचे इंच वाचावे आणि फीत धरून आपल्या अंगाशीं ताडून पाहावे. नमुना अंगास बसला नाहीं म्हणून खट्टू होणाऱ्या मुली आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांत अंगाचा काय दोष? कागद कापतां येतो, जोडतांही येतो. पुष्कळ जुन्या नमुन्यांवर छापील रेषा नसतात. पातळ कागदास भोंकें व कडेस खांचा असतात, आणि कोणतें भोंक टकाचें व कोणतें उभ्या धाग्याचें, हें सोबतच्या पत्रकावरून समजून घ्यावें लागतें. असा कागद कोरड्या, कोमट इस्त्रीनें सपाट करून तपकिरी कागदावर उतरून घ्यावा व मूळ प्रत पाकिटांत परत ठेवावी. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड विद्यापीठ असे नमुने ग्रंथांप्रमाणें जतन करून ठेवतें.

आतां सहा कळ्यांचा साधा स्कर्ट घ्या. जुन्या पत्रकांत बहुधा ३५, ३९ किंवा ५४ इंच पन्ह्याची मांडणी दाखविलेली असते, आणि आपल्या पेटींतलें कापड निघतें ४४ इंचांचें. म्हणजे मांडणी आपली आपणच बसवावी लागते, व खरें शिक्षण येथेंच आहे. कळी वर अरुंद, खालीं रुंद. म्हणून एक सुलट व तिच्या शेजारची उलट ठेविली कीं कापड वांचतें. परंतु कापडावरील फुलें एकाच दिशेचीं असलीं, तर निम्मीं फुलें खालीं डोकें वर देंठ अशीं उभीं राहतील! मग घेर कमी करावा, कीं कमरपट्टी दुसऱ्या तुकड्याची लावावी, कीं हें कापड राहूं देऊन दुसरें काढावें? शिवाय उभा धागा कळीच्या मधोमध यावयास हवा. कळी तिरपी पडली तर एक कड उरेब होऊन घेर एका अंगास लोंबतो. भूमितीच्या तासाला समलंब चौकोनाची व्याख्या घोकणारा विद्यार्थी ह्या कामांत प्रथमच त्या चौकोनाकडे डोळे उघडून पाहतो.

"पण कापड फुकट जाईल!" ही आयांची तक्रार आम्ही दर वर्षीं ऐकतों. तयार स्कर्ट स्वस्त पडतो, शिवणास वेळ फार लागतो, असेंही सांगतात, आणि तें खोटें नाहीं. तथापि पेटींत विरलेलें कापड कोणास कांहींच शिकवीत नाहीं. बिघडलेली कळी निदान बेतणाऱ्यास कांहीं सांगते. ज्यांना भीति वाटते त्यांनीं आधीं मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा स्कर्ट कच्च्या टाक्यांनीं जोडून अंगावर घालून पाहावा, व मगच चांगल्या कापडास हात लावावा. सुती कापड असल्यास तें प्रथम भिजवून वाळवावें, म्हणजे मागाहून आटणार नाहीं. नवशिक्यानें शिवणींत माया इंचभर सोडावी. खालची दुमड चार बोटें असावी, कारण पुढच्या जूनपर्यंत मुलगी उंच झालेली असेल. आणि ज्या कात्रीनें कागद कापला, तिनें कापड कापूं नये.