“गाडी खरी आहे का हो?”

मोटारगाडी हा विषय कला शाखेच्या वार्षिकांकात कशाला, असे आमचे काही प्राध्यापक विचारतील. पण इतिहासाच्या तासाला अस्सल कागद आणि बनावट कागद यांवर जो काथ्याकूट आपण करतो, तोच अमेरिकेतील जुन्या मोटारींचे शौकीन गेली कित्येक वर्षे करीत आहेत, आणि तोही आपल्यापेक्षा अधिक तावातावाने. आपले चुकले तर फार तर दोन गुण जातात. तिकडे आयुष्याची पुंजी जाते.

माझे मामा मिशिगन राज्यात असतात. त्यांना या गाड्यांचा नाद आहे, आणि त्यांच्या फोनवरील गप्पांमुळे व त्यांनी दिलेल्या जुन्या मासिकांमुळे तो थोडासा मलाही लागला. ‘मसल कार’ म्हणजे मध्यम आकाराच्या, तरुणांना परवडेल अशा गाडीत भल्या मोठ्या गाडीचे इंजिन. १९६४ साली पाँटियाकने आपल्या टेंपेस्ट-लेमान्स गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन घालून ‘जीटीओ’ काढली. मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा नियम होता. मग ही स्वतंत्र गाडी नव्हेच, जादा पैसे भरून घ्यायचा नुसता एक पर्याय आहे, अशी पळवाट काढण्यात आली. नाव तर फेरारीचे सरळ उचललेले! त्याच वर्षी एका नामांकित मासिकाला चाचणीसाठी दिलेल्या जीटीओत ३८९ऐवजी ४२१चे इंजिन दडवले होते, हे पाँटियाकच्या जाहिरातींचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनी पुष्कळ वर्षांनी स्वतःच सांगून टाकले. अस्सलपणाचे सोवळे नेसून बसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, या कुळाचे मूळच जरा खट्याळ आहे.

त्या पळवाटेचे फळ आजचे शौकीन भोगत आहेत. १९६४ आणि १९६५च्या जीटीओचा क्रमांक पाहून ती जीटीओ आहे की साधी लेमान्स, हे कळत नाही. १९६६पासून जीटीओ स्वतंत्र झाली, तेव्हा कळू लागले. साहजिकच साध्या लेमान्सवर बॉनेट, अक्षरे, इंजिन चढवले की ती भाऊसाहेबांच्या तोतयासारखी खुशाल मिरवू लागते. तिकडे तिला ‘क्लोन’ म्हणतात. मालक मात्र ‘ट्रिब्यूट’, म्हणजे मानवंदना, असा गोड शब्द वापरतो. पाँटियाकचे कारखान्यातील कागद सुदैवाने जपले गेले असून पैसे भरून त्यांची प्रत मिळते. फोर्डच्या १९६७ आणि नंतरच्या गाड्यांची नोंदही मिळते. क्रायसलरच्या १९७० व १९७१च्या गाड्यांत क्रमांकातील पाचवे अक्षर ‘आर’ असेल, तर कारखान्यातून ४२६ घनइंची ‘हेमी’ इंजिन आले, हे नक्की. हाल आहेत ते शेव्हरोलेवाल्यांचे. शेव्हेल गाडीची ‘एसएस’ ही जात १९६९पासून नुसता पर्याय झाली, आणि अमेरिकेत बनलेल्या गाड्यांची तशी नोंद मिळत नाही. गाडी जोडताना कामगारांसाठी एक कागद असे. तो कधी सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकून राही. उंदरांनी खाल्ला नसेल, तर तोच पुरावा! राजवाड्यांना अशा कागदांचे मोल कोणी समजावून सांगावे लागले नसते.

खरे भांडण ‘मॅचिंग नंबर्स’वरून होते, म्हणजे इंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि गाडीचा क्रमांक जुळतो की नाही यावरून. जुळला तर किंमत चढते. म्हणून काही जण दुसऱ्या इंजिनावरील आकडे तासून टाकतात आणि हवे ते आकडे ठोकतात. विचारले तर म्हणतात, ‘हाही जीर्णोद्धारच.’ मला हे मुळीच मान्य नाही. दुसरे इंजिन बसवणे ही दुरुस्ती झाली, त्यावर पहिल्याचा क्रमांक ठोकणे ही बनावट सही झाली.

पण जुळत नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांचेही मला हसू येते. या गाड्या पोरांनी घेतल्या होत्या त्या शर्यती लावायला. इंजिने फुटली, बदलली गेली. चाके तर आठवड्यात बदलली जात. ज्या गाडीचे सगळे आकडे जुळतात, ती कदाचित एखाद्या सावध गृहस्थाने रविवारी चर्चला नेण्यापुरती वापरली असेल. मग त्या काळाशी अधिक इमानी कोणती? ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटातील मस्टँग एका कुटुंबाने घरच्या गाडीसारखी वापरली, रंग उडाला, गंज चढला, आणि तशाच अवस्थेत जानेवारी २०२०मध्ये फ्लॉरिडातील लिलावात तिला ३४ लाख डॉलरची बोली आली. विकण्याआधी तिला नवा रंग दिला गेला नव्हता.

आता सौजन्याविषयी. डेट्रॉइटजवळ वुडवर्ड रस्त्यावर १९९५पासून ऑगस्टमध्ये या गाड्यांची जत्राच भरते. तिथे एक म्हातारे गृहस्थ मुलाबरोबर हाताने जुळवलेली जीटीओ घेऊन बसले होते. एका जाणत्याने वाकून क्रमांक वाचला आणि चारचौघांत मोठ्याने म्हटले, “ही खरी नव्हे.” म्हाताऱ्यांनी ती खरी आहे असे म्हटलेच नव्हते! लग्नात भेटलेल्या बाईला ‘मंगळसूत्र सोन्याचे की पॉलिशचे?’ असे आपण विचारू का? जिथे विक्री नाही, तिथे पंचनामा कशाला? अर्थात मालकानेही काचेवर एक चिठ्ठी लावावी: मूळ लेमान्स, बाकी आमचे हात. तसे करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याभोवती गर्दी कमी होत नाही, असे मामा सांगतात.

सौजन्य म्हणजे गप्प बसणे, असे मात्र मी मानत नाही, आणि इथे माझे मामांशी बिनसले आहे. त्यांच्या शेजाऱ्यांकडे १९७०ची शेव्हेल एसएस आहे. ‘सगळे आकडे जुळतात’ या बोलीवर, पुष्कळ डॉलर मोजून त्यांनी ती घेतली. एकदा बॉनेट उघडे असताना मामांनी क्रमांकाची जागा पाहिली. कारखान्यात तो पृष्ठभाग तासताना त्यावर बारीक समांतर रेघा उमटतात. इथे तो आरशासारखा गुळगुळीत होता. मामा बोलले नाहीत. “माणूस आजारी असतो, गाडीकडे पाहून हसतो, त्याला काय सांगू?” हे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, “मामा, एकांतात सांगा, शंका म्हणून सांगा, एखाद्या जाणकाराला दाखवा म्हणावे. पण सांगा. उद्या त्यांच्या पश्चात त्यांची बायको हीच गाडी त्याच बोलीवर विकेल, आणि खोटे बोलल्याचा ठपका त्या बाईंवर येईल.”

मामा म्हणाले, “तू लहान आहेस.” शेजाऱ्यांनी येत्या उन्हाळ्यात गाडी विकायची ठरवली आहे. मामांनी अजून सांगितलेले नाही.