मोकळं झालेलं गाणं नांदेड-लातूरला का मिळत नाही?

शास्त्रीय संगीत इंटरनेटवर फुकट मिळतं का, असं कुणी विचारलं तर लोक हसतील. यूट्यूबवर 'मारवा' एवढं लिहिलं की ऐकून संपणार नाहीत इतक्या मैफली पुढे येतात. पण नांदेड किंवा लातुरात गाणं शिकणाऱ्या, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा-विशारदची तयारी करणाऱ्या मुलीची गरज एवढ्याने भागत नाही. तिला राग, ताल, कलावंत आणि साल यांची खात्रीलायक नोंद हवी, आवाज स्वच्छ हवा. फाइल मोबाइलमध्ये उतरवून घेता यायला हवी, म्हणजे किनवटच्या किंवा उदगीरच्या आडगावात रेंज गेली तरी रियाज अडणार नाही. आणि ती फाइल चोरीची नको. हे सगळं एकाच ठिकाणी मिळेल अशी जागा शोधायला गेलं की हाती लागतात त्या कुठल्याशा टेलिग्राम चॅनलवरच्या बिननावाच्या फाइली, नाहीतर विलंबित ख्याल ऐन रंगात आला असताना मध्ये घुसणारी साबणाची जाहिरात. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला यावर मैफलींचा उतारा आहे. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला गुरूखालोखाल आधार ध्वनिमुद्रणाचाच, म्हणून त्याची आबाळ इथे जास्त जाणवते.

याचा दोष कायद्यावर ढकलता येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ती प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६०पर्यंत बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकांवरचा कंपन्यांचा हक्क २०२१ उजाडताना संपलेला आहे. अब्दुल करीमखाँ १९३७ साली वारले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या तर केव्हाच मोकळ्या झाल्या. केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांचंही तेच. नाट्यगीत असेल तर कवी आणि संगीतकाराचा हक्क वेगळा मोजावा लागतो, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. पारंपरिक बंदिशीला तीही अडचण नाही. मग हा ठेवा परदेशी संकेतस्थळांवर आयता मिळेल, त्याची चिंता आपण कशाला करायची, असं कुणी म्हणेल. पण अमेरिकेत जुन्या ध्वनिमुद्रिकांवरचा हक्क साधारण शंभर वर्षं चालतो. तिथल्या 'इंटरनेट अर्काइव्ह'ने ७८ फेऱ्यांच्या तबकड्या सर्वांसाठी खुल्या करण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला, तर २०२३ साली बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्यावर दावा लावला. जे भारतात मोकळं आहे ते तिथे बांधलेलं असू शकतं. अशा वेळी आपला साठा अमेरिकेतल्या सर्व्हरच्या भरवशावर ठेवणं शहाणपणाचं नाही. तो भारतातल्या संस्थेनेच, भारतीय कायद्याच्या आधाराने सांभाळायला हवा.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात ही अडचण एका युक्तीने सुटते. बाखची रचना कागदावर स्वरलिपीत आहे आणि तिच्यावर आता कुणाचा हक्क नाही. म्हणून लोकांनी वर्गणी काढली, किमिको इशिझाका या पियानोवादक बाईंकडून 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' नव्याने वाजवून घेतलं आणि २०१२ साली ते मुद्रण सगळे हक्क सोडून देऊन जगाला दिलं. आपल्याकडे ही युक्ती अर्धीच चालते. करीमखाँची बंदिश दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेतली तर ते दुसऱ्याचं गाणं होतं, कारण आपल्या संगीतात रचना कागदावर जेमतेम दोन-चार ओळींची असते आणि उरलेलं सगळं गाताना घडतं. भास्करबुवा बखल्यांचं गाणं मुद्रित झालं नाही, ते गेलं ते गेलंच. म्हणूनच जुनी मुद्रणं आपल्यासाठी मूळ ग्रंथाच्या जागी आहेत, आणि त्यांची सदोष प्रत फिरू देणं म्हणजे पाठभेदांनी भरलेली पोथी वाटण्यासारखं आहे.

'उच्च दर्जा' म्हणजे मोठी फाइल, असा एक गैरसमज आहे. तासाभराची सीडी सहाशे एमबीच्या पुढे जाते, फ्लॅक या फाइल-प्रकारात ती साधारण निम्म्यावर येते आणि एकही स्वर गमावत नाही. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साठ एमबीच्या आत बसते, पण तंबोऱ्याच्या जवारीतली बारीक चमक त्यात मारली जाते. १९३०च्या तबकडीत मात्र ती चमक मुळातच फारशी उतरलेली नसते. तिथे फाइलच्या आकारापेक्षा वेग महत्त्वाचा. सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या ७८च फेऱ्यांच्या नव्हत्या. ८० फेऱ्यांची तबकडी ७८ने वाजवली की पट्टी खाली घसरते, आणि हा फरक सा ते कोमल रे या अंतराच्या जवळजवळ निम्मा पडतो. तंबोऱ्याचं ॲप 'काळी एक'ला लावून सोबत गायला बसलेल्या विद्यार्थ्याला ते जुळत का नाही, हे कळतच नाही. त्यात रागाचं नावही चुकीचं असेल तर तो चुकीचाच राग घोकतो. हे काम हौशी माणसाच्या हौसेवर सोडण्याजोगं नाही, त्याला जाणकार कान आणि पगारी माणूस लागतो.

फुकट वाटल्याने कलावंतांच्या पोटावर पाय येतो, हा आक्षेप गंभीर आहे आणि आजच्या कलावंतांच्या बाबतीत खराही आहे. हयात गायकाचा अल्बम चोरून उतरवण्याचं समर्थन करता येत नाही. पण साठ वर्षांपूर्वीच्या तबकडीतून कुठल्या कलावंताच्या घरी चूल पेटते? दुसरा आक्षेप असा की आकाशवाणीची २०१६ साली सुरू झालेली 'रागम' वाहिनी मोबाइलवर फुकट ऐकता येते. ती चांगलीच आहे. पण तिच्यावर काय लागेल ते वाहिनी ठरवते. तीच तान दहा वेळा मागे नेऊन ऐकण्याची सोय तिच्यात नाही, आणि विद्यार्थ्याला नेमकी तीच हवी असते. जनतेच्या पैशातून मुद्रित झालेलं, मुदत संपलेलं गाणं आकाशवाणीने नुसतं ऐकवण्याऐवजी उतरवू का देऊ नये, याला पटेल असं उत्तर दिसत नाही. लातुरात बारावीच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात ढिगाने मिळतात. संगीताच्या विद्यार्थ्याने तेवढं मागितलं तर ते जास्त होतं का?

सुरुवात नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने करावी. मोकळ्या तबकड्यांचा नोंदींसह साठा हे पहिलं काम. दुसरं काम इशिझाकाबाईंच्या वाटेने जाणारं: परीक्षेच्या अभ्यासक्रमातल्या पारंपरिक बंदिशी मराठवाड्यातल्याच गायकांना रीतसर मानधन देऊन गाऊन घ्याव्यात आणि खुल्या परवान्याखाली फ्लॅक व एमपीथ्री अशा दोन्ही रूपांत ठेवाव्यात. तिसरं काम सर्वांत नाजूक. नांदेडात जन्मलेले आणि अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेले पंडित नाथराव नेरळकर २०२१ साली गेले. त्यांचं जे गाणं आकाशवाणीकडे किंवा खासगी संग्रहांत असेल, त्यावरचे हक्क अजून बरीच वर्षं चालतील. ते खुलं करायचं तर कुटुंबीयांची आणि हक्कधारकांची लेखी संमती घ्यावी लागेल, आणि ती घ्यायची वेळ आत्ताच आहे, कारण संमती देऊ शकणारी माणसं आज हयात आहेत.