विश्लेषण : गॅस्केट नवे, सीलंट भरपूर, तरी इंजिन पुन्हा का बसते?

शनिवारी सकाळी मुंबईकडून आलेल्या गाड्या खालापूरचा टोलनाका ओलांडतात आणि बोरघाटाच्या चढाला लागतात. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण पाचशे मीटरची चढण, त्यात कोंडी, त्यात एसी सुरू आणि अनेक गाड्यांच्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचे पाणी. बोनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या हे लांब सुट्टीचे ठरलेले चित्र आहे. त्यातल्या बहुतेक गाड्या थंड होऊन पुढे जातात. काहींच्या सायलेन्सरमधून मात्र काही दिवसांनी पांढरा धूर येऊ लागतो. मग खोपोलीच्या, चौकच्या किंवा कर्जतच्या चार फाट्याजवळच्या एखाद्या गॅरेजात हेड उघडले जाते, नवे गॅस्केट येते, सोबत सीलंटची ट्यूब येते. उघडलेले इंजिन परत बसवताना काय लावायचे, किती लावायचे आणि कुठे अजिबात लावायचे नाही, यावर ती गाडी पुढे किती वर्षे चालणार हे ठरते. आपल्याकडे याच कामाकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते.

घाटातच हे का होते?

रेल्वेने या घाटाचा मान ठेवला आहे. ३७ मीटरला एक मीटर असा चढ असल्याने कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने जोडली जातात. मोटारीला ती सोय नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, उष्णता भरपूर तयार होते आणि वेग कमी असल्याने रेडिएटरवर वारा पुरेसा येत नाही.

साधे पाणी १०० अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आत सुमारे ०.९ बार दाब धरून ठेवते, त्यामुळे तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते; निम्मे कूलंट असेल तर त्याहूनही वर. पण त्या झाकणाखालचे रबर कडक झाले असेल तर दाब टिकत नाही आणि सगळा हिशेब पुन्हा शंभरावर येतो. शे-दोनशे रुपयांचे हे झाकण वेळेवर बदलले तर बरीच हेड उघडावीच लागणार नाहीत. पाणी उकळले की हेडला थंडावा मिळत नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि खालचा ब्लॉक पुष्कळदा बिडाचा. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. ही ओढाताण मधल्या गॅस्केटला सोसावी लागते आणि प्रमाणाबाहेर तापले तर हेडच वाकडे होते.

गॅस्केट नेमके काय करते?

गॅरेजच्या भाषेत ‘पॅकिंग’. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही घासले तरी पूर्ण सपाट होत नाहीत. त्यांच्यातली सूक्ष्म फट भरून काढणे हे पॅकिंगचे काम. टॅपेट कव्हरखाली ते रबराचे असते, जुन्या गाड्यांच्या ऑइल चेंबरला कॉर्कचे, वॉटर पंपाला पुष्कळदा कागदी. ही सगळी तशी सोपी कामे आहेत. हेड गॅस्केटचे तसे नाही. त्याला एकाच वेळी जळणारा वायू, दाबाखालचे ऑइल आणि वाहते पाणी या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचे असते. मोटारीच्या टायरमध्ये हवा सव्वादोन बारच्या आसपास असते. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये स्फोटाच्या क्षणी दाब ५० बारच्या वर जातो आणि टर्बो डिझेलमध्ये तो १५० बारच्याही पुढे जाऊ शकतो.

म्हणूनच आजच्या बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्यांच्या थरांचे हेड गॅस्केट असते. त्या थरांवर सिलिंडरभोवती उठावाच्या कडा असतात आणि वर पातळ रबरी लेप असतो. बोल्ट आवळले की त्या कडा स्प्रिंगसारख्या दबतात आणि हेड किंचित हलले तरी संपर्क सोडत नाहीत. अशा गॅस्केटला वरून सिलिकॉन फासणे म्हणजे त्याच्या कामात अडथळा आणणे. ‘थोडे लावून ठेवू, गळायला नको’ हा युक्तिवाद कानाला बरा वाटतो. पण सिलिकॉनचा थर एकसारखा नसतो, त्यामुळे दाब एकसारखा बसत नाही आणि स्फोटाच्या उष्णतेपुढे सिलिकॉन टिकत नाही. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जिथे लिहिले असेल तेवढ्याच ठिकाणी, सहसा टायमिंग कव्हर आणि ब्लॉक जिथे मिळतात त्या सांध्यावर, मुगाच्या दाण्याएवढा थेंब पुरतो.

मग सीलंट कशासाठी?

सीलंट वाईट नाही. कित्येक नव्या इंजिनांत ऑइल चेंबरला आणि टायमिंग कव्हरला तयार पॅकिंग नसतेच. कारखान्यातच यंत्राने सीलंटची रेघ ओढून ते बसवलेले असते. प्रश्न आहे तो कोणते सीलंट आणि किती, हा.

गॅरेजात सर्वात जास्त वापर आरटीव्ही सिलिकॉनचा. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. स्वस्त प्रकारातून घट्ट होताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. हे अ‍ॅसेटिक आम्ल धातूला गंज आणू शकते आणि अशा सिलिकॉनची वाफ एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला बाधते. इंजिनासाठी वेगळे, ‘सेन्सर सेफ’ लिहिलेले सिलिकॉन मिळते. दोन्ही ट्यूब सारख्याच दिसतात, हा गोंधळाचा भाग. दुसरा प्रकार अ‍ॅनेरोबिक, म्हणजे हवा नसेल आणि धातूचा स्पर्श असेल तरच घट्ट होणारा. अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५०च्या दशकात तो विकसित केला आणि त्यातूनच ‘लॉकटाइट’ हे नाव जन्माला आले. मशीनवर नीट घासलेल्या दोन ताठ धातूंमध्ये तो उत्तम चालतो. पत्र्याच्या चेंबरला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण पत्रा लवतो आणि फट मोठी राहते.

रबरी पॅकिंगला तर दोन्हीतले काहीच लागत नाही. उलट सिलिकॉन लावले की ते निसरडे होते आणि बोल्ट आवळताना जागेवरून बाहेर सरकते. टॅपेट कव्हर तीन वेळा उघडूनही गळतच राहते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

जास्त लावले तर बिघडते काय?

बाहेर ओघळलेले सीलंट दिसते, ते पुसले जाते. तेवढेच आतल्या बाजूलाही ओघळलेले असते आणि ते कोणाला दिसत नाही. गरम ऑइलच्या माऱ्याने त्याचे तुकडे सुटतात, चेंबरच्या तळाशी जातात आणि ऑइल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब उतरतो, बेअरिंग कोरडी पडतात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. म्हणजे गळती थांबवण्यासाठी लावलेल्या वस्तूनेच इंजिन बसते.

हे फक्त टपरीवजा गॅरेजांत घडते असे मानायचे कारण नाही. २०१८ मध्ये सुबारूने सदोष व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी गाड्या परत बोलावल्या. त्यांत टोयोटाच्या नावाने विकल्या गेलेल्या जुळ्या मॉडेलच्या गाड्याही होत्या. स्प्रिंग बदलण्यासाठी इंजिन बरेच उघडावे लागत होते. दुरुस्तीनंतर काही गाड्यांची इंजिने निकामी झाली आणि अमेरिकेत मालक न्यायालयात गेले. परत जोडताना लावलेल्या जादा सीलंटचे तुकडे ऑइलच्या मार्गात अडकले, असा आरोप झाला. अधिकृत सेवा केंद्रांच्या कामावर असे बोट ठेवले जात असेल, तर रस्त्याकडेला ताडपत्रीखाली काम करणाऱ्या मेकॅनिकलाच दोष देण्यात अर्थ नाही.

वेळ कोणाकडे आहे?

आरटीव्ही सिलिकॉनवर साय धरायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पूर्ण घट्ट व्हायला साधारण २४ तास. दोन-तीन मिलिमीटर जाडीची एकसंध रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि साय धरण्याआधी कव्हर जागेवर. कर्जत-खालापूरच्या जुलैत हवा इतकी ओली असते की साय लवकर धरते, त्यामुळे हात चटचट चालवावा लागतो. मात्र हवेतला ओलावा उपयोगाचा असला तरी धातूवरचे पाणी किंवा ऑइल घातक. त्यावर सिलिकॉन चिकटतच नाही. पत्र्याच्या छपरातून ठिबकणाऱ्या शेडमध्ये पृष्ठभाग कोरडा ठेवणे हेच अर्धे काम आहे.

आता नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत प्रवासी नेणाऱ्या टॅक्सीचे उदाहरण घ्या. काही किलोमीटरांत सातशे मीटरच्या आसपास चढ, दिवसातून अनेक फेऱ्या, आणि इंजिन पुढच्या सीटखाली. गाडी एक दिवस उभी म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली, हप्ता मात्र थांबत नाही. असा चालक ‘संध्याकाळपर्यंत द्या’ म्हणतो आणि मेकॅनिक देतो. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असते. मुंबईहून वीकेंडला आलेल्या फार्महाऊसवाल्याची घाई मात्र तेवढी समर्थनीय नाही. सोमवारच्या मीटिंगसाठी सीलंट लवकर घट्ट होत नाही. २४ तास थांबण्याचे पैसे बिलात वेगळे लावण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ती असायला हवी. मजुरी फक्त हात चालवण्याची धरली की थांबण्याला किंमत राहत नाही.

हेच हेड तपासण्याचे. सरळ पट्टी हेडवर आडवी-तिरपी ठेवून खाली फिलर गेज घालायचे, एवढीच ती तपासणी. छोट्या गाड्यांत वाकडेपणाची मर्यादा बहुधा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. माणसाचा केस त्याहून जाड असू शकतो. त्याहून जास्त वाकलेले हेड मशीनवर घासून आणावे लागते. ते टाळून फट सिलिकॉनने भरली, तर पुढच्या घाटात तीच पाळी पुन्हा येते. जुने पॅकिंग काढताना ग्राइंडरवर खरखरीत चकती लावण्याचा मोहही महागात पडतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये खड्डे पडतात आणि चकतीची भुकटी ऑइलच्या वाटांत शिरून बेअरिंग खाते. प्लास्टिकची पाती आणि पॅकिंग मऊ करणारे द्रावण, यांत वेळ जातो. पण हेड वाचते. फार जुन्या गाडीचे पॅकिंग असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासू नये, हवेच्या पाइपने उडवू तर मुळीच नये.

बोल्टचे काय?

बऱ्याच नव्या इंजिनांतले हेड बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. आधी ठरावीक टॉर्क, मग ठरावीक अंश, तेही मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने. जुना ताणलेला बोल्ट पुन्हा लावला की नवे गॅस्केट पहिल्या दिवसापासून सैल असते. टॉर्क रेंच ही काही हजार रुपयांची वस्तू आहे, तरी ‘हाताला कळते’ हे उत्तर अजून सर्रास मिळते. अनुभवी हाताला पुष्कळ कळते, हे खरेच. अंश मात्र कळत नाहीत.

गाडी ताब्यात घेताना मालकाने जुने गॅस्केट आणि जुने बोल्ट परत मागावेत. नव्यांची पावती पाहावी. हेड घासून आणले असेल तर मशीन शॉपचे बिलही. त्यानंतरचे काही आठवडे, इंजिन थंड असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी आणि ऑइलची काडी पाहत राहावी. पातळी गळती न दिसता उतरू लागली किंवा काडीवर ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर घाट चढण्याआधी गाडी परत त्याच गॅरेजात न्यावी.