बोलणें एकाचें, ऐकणें सर्वांचें

ज्या मुलास बोलतां येत नाहीं, त्यास सांगावयाचें कांहींच नाहीं, असें मानणें हा अन्याय होय. मुंबईंत कर्णबधिरांची शाळा १८८५ सालीं निघाली. वाणीस खुणांची व इतर साधनांची जोड देण्याचें कर्तव्य २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सरकारवर घातलें. परंतु अहिल्यानगरच्या वर्गांत किंवा पारनेरच्या घरांत रोज सरकार कोठून येणार? तेथें जवळचा सोबतीच हवा. विद्यार्थ्यांनीं दहा खुणा तरी शिकाव्या. अडखळणाऱ्या मित्राचें वाक्य आपण पुरें न करितां थांबावें. आईबापांनीं चित्रें पुढें ठेवून मुलासच निवडूं द्यावें; खुणा-चित्रांनीं वाचा खुंटते, ही भीति निराधार ठरली आहे. आम्हांस वाटतें, त्याची वाणी उणी असेल. आपला धीर तरी उणा नसावा.