पदभ्रमणाचे बूट : चामडे आणि माप

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली की साधुसाध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात, आणि त्याच सुमारास डोंगरभ्रमंतीचा हंगामही भरात येतो. शिखरजीची वंदना अनेक श्रावक अनवाणीच करतात. तेथे पादत्राणांचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु पाठीवर दहा-बारा किलोंचे ओझे घेऊन चार-पाच दिवस सह्याद्रीत वा हिमालयात हिंडायला निघालेल्या मुलामुलींना बूट घ्यावेच लागतात. जैन घरात तेव्हा पहिला प्रश्न निघतो : यात चामडे तर नाही ना?

प्रश्न रास्त आहे. मात्र विक्रेत्याच्या ‘नाही’वर विसंबू नये. ‘स्वेड’ आणि ‘नुबक’ ही नावे कापडाची वाटली, तरी मुळात दोन्ही चामडीच. अनेक जोड्यांच्या आत किंवा खोक्यावर युरोपीय संघाने १९९४ साली ठरवलेली चिन्हे असतात. वरचा भाग, अस्तर आणि बाहेरचा तळ अशा तिन्हींसाठी ती स्वतंत्र असतात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे. तिच्यात शंकरपाळीसारखा चौकोन असेल, तर लेप दिलेले चामडे. जाळी म्हणजे कापड, नुसती शंकरपाळी म्हणजे अन्य पदार्थ. वरचा भाग कापडी आणि अस्तर चामड्याचे, असाही प्रकार आढळतो. म्हणून तिन्ही चिन्हे पाहावीत.

बहुतेक घरांत चौकशी येथेच थांबते, आणि चूक होते ती येथेच. चामडे वापराने सैलावते, पायाचा आकार घेते. कृत्रिम धाग्याचा बूट लवकर मऊ पडतो, पण फारसा पसरत नाही. ‘घालता घालता सैल होईल’ हे वडीलधाऱ्यांचे सांगणे चामडी जोड्यांच्या काळातले. दुकानात चवड्याला आवळणारा कृत्रिम बूट महिन्यानंतरही आवळतोच. चामडे टाळणाऱ्याने मापाच्या बाबतीत म्हणूनच अधिक काटेकोर असावे.

खरेदी सायंकाळी करावी. दिवसभरात पाय किंचित सुजतो, चालतानाही तसाच सुजतो. प्रवासात वापरायचे मोजे सोबत न्यावेत. ते सुती नसावेत, कारण सूत घाम धरून ठेवते आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. माप मोठ्या पायाचे घ्यावे. नाडी न बांधता पाय पुढे सरकवून बोटे टोकाला टेकवली, की टाचेमागे एक बोट सहज मावले पाहिजे. आकड्यावर जाऊ नये, एका कंपनीचा आठ दुसरीच्या नऊएवढा निघतो.

खरी कसोटी उताराची. चढताना टाच उचलली जाऊन घासते, तर उतरताना सगळा भार पुढे येऊन बोटे बुटाच्या टोकावर आदळत राहतात. अंगठ्याचे नख काळे पडते ते यामुळेच. तेव्हा नाड्या घोट्याजवळ घट्ट बांधून, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन, दुकानाच्या जिन्यावरून दोन-तीनदा उतरून पाहावे. विक्रेत्याच्या कपाळावर आठ्या पडतील, पडू द्याव्यात.

घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस बूट स्वच्छ फरशीवरच तास-दोन तास वापरावेत. कुठे टोचले, तर तळ न मळलेला जोडा बदलून मिळण्याची शक्यता राहते. बिल मात्र जपून ठेवावे.