मधली भिंत

जून 1942 मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामला राहिला. बापूंच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्याला एकच चित्र दिसले, येशू ख्रिस्ताचे. ख्रिस्त हीच आपली शांती, अशा अर्थाचे शब्द त्याखाली होते. ते इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले आहेत. पण पत्रातले वाक्य तिथे थांबत नाही. ख्रिस्ताने दोघांना एक केले आणि त्यांच्यामधली आडभिंत पाडली, असे ते पुढे सांगते.

दरवर्षी 18 जानेवारीला ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताह सुरू होतो. 25 तारखेला, संत पौलाच्या परिवर्तनाच्या सणाला, तो संपतो. 1908 साली अमेरिकेत रुजलेल्या या प्रथेचे प्रार्थनासाहित्य 1968 पासून व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात. वर्धा जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाने या आठ दिवसांत त्या वाक्याचा चित्राबाहेर राहिलेला भाग वाचावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

आपल्यातल्या बहुतेक भिंती आपण बांधलेल्याच नाहीत. मिशनांनी मुलूख आपापसांत वाटून घेतले होते. नागपूर-वर्ध्याकडे स्कॉटलंडची फ्री चर्च. चांद्याला स्कॉटलंडचीच, पण बिशप मानणारी एपिस्कोपल चर्च. यवतमाळला अमेरिकेची फ्री मेथडिस्ट. अकोल्याकडे अलायन्स मिशन. वर्धा नदी ओलांडली की पंथ बदलायचा. फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, त्याच्या दोनच वर्षे आधी, 1843 मध्ये, फ्री चर्च स्कॉटलंडच्या मूळ चर्चमधून फुटून निघाली होती. भांडण कशावरून? गावचा पाळक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने, यावरून. त्या भांडणात तत्त्व होते, हे मान्य. पण हिंगणघाटच्या कपाशीच्या शेतावर राबणाऱ्या माणसाला त्याचे काय? त्याने येशूला हाक मारली आणि सोबत परक्या देशातल्या फुटीचा वारसाही त्याच्या पदरात पडला.

मराठी मनाने हे तेव्हाच ओळखले होते. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण आपली सदसद्विवेकबुद्धी कुठल्याही एका पंथाच्या दावणीला बांधायला त्यांनी पत्रांतून ठाम नकार दिला. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार मोडला. मराठी ख्रिस्ती इतिहासातली ही हानी आम्हाला आजही सलते.

बाहेरच्यांनाही आपली फूट दिसत होती. एडिनबरोच्या 1910 च्या जागतिक मिशनरी परिषदेचे अध्यक्ष जॉन मॉट नोव्हेंबर 1936 मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींना भेटले. डॉ. आंबेडकरांच्या येवल्याच्या धर्मांतर घोषणेला वर्ष उलटले होते आणि दलितांना आपल्याकडे ओढण्यासाठी सगळ्यांचीच धावपळ चालली होती. गांधीजींनी मॉट यांच्याजवळ त्या चढाओढीबद्दलचे दुःख आडपडदा न ठेवता बोलून दाखवले. ज्या माणसाने चर्चांना एकत्र आणण्यासाठी आयुष्य वेचले, त्याला सेगावच्या झोपडीत हे ऐकावे लागले.

तरीही भिंत पडू शकते, याचा पुरावा वर्ध्याहून जेमतेम 75 किलोमीटरवर आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चांनी आपापली नावे उतरवून ठेवली आणि उत्तर भारतीय चर्च, म्हणजे आपली सीएनआय, उभी राहिली. बोलणी 1929 पासून चालली होती, एक्केचाळीस वर्षे! सर्वांत अवघड गाठ बाप्तिस्म्याची होती. तान्ह्या बाळाला द्यायचा, की जाणत्या वयात विश्वास कबूल केल्यावर? एका चर्चमध्ये दोन्ही रीती नांदतील, असे ठरले. कुणाला हरवून नव्हे, तर दोघांना जागा देऊन काढलेली ही वाट आम्हाला त्या दिवसाची खरी कमाई वाटते. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट चर्च मात्र त्याच वर्षी, ऐन वेळी मागे फिरली. पुढे मिळकतींचे वाद कोर्टात गेले, आणि एका मंडळीच्या मालमत्तेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ट्रस्टच्या कागदांवरून भांडणाऱ्यांनी 1970 ची ती सकाळ आठवावी.

कॅथलिकांतही सरळ रेघ नाही. वर्धा जिल्हा येतो चांदा धर्मप्रांतात, केरळच्या सिरो-मलबार परंपरेत. शेजारचे नागपूर लॅटिन परंपरेचे. पोप एकच, पण मिस्साची रीत वेगळी. आता घराघरांत भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्याही आल्या आहेत. त्यांच्या प्रार्थनेची ऊब खरी आहे. आजाऱ्याच्या उशाशी रात्र रात्र बसणारी माणसे तिथे भेटतात. मात्र त्यांतल्या काही मंडळ्या आधीचा बाप्तिस्मा धरत नाहीत आणि घरातल्या आजीलाही पुन्हा पाण्यात उतरायला सांगतात. त्या आजीच्या साठ वर्षांच्या प्रार्थना मग कुणाच्या खात्यावर मांडायच्या?

आपली मराठीसुद्धा दुभंगली आहे. एकाचा पाळक, दुसऱ्याचा धर्मगुरू. एकाची मंडळी, दुसऱ्याचा धर्मग्राम. एकाचे प्रभुभोजन, दुसऱ्याचा मिस्सा. म्हणूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेल्या ‘सुबोध बायबल’चे मोल आम्हाला मोठे वाटते. वसईच्या कॅथलिक धर्मगुरूने सिद्ध केलेले हे मराठी प्रोटेस्टंट घरातही अडखळल्याशिवाय वाचता येते. दिब्रिटो जुलै 2024 मध्ये गेले. पुस्तक आपल्या हातात आहे.

सगळ्यांनी एकाच मेजावरून भाकर घ्यावी, हे आज होणार नाही. पवित्र भोजनाविषयीचे मतभेद गंभीर आहेत आणि ते दडपून आलेले ऐक्य आम्हालाही नको. पण या आठ संध्याकाळींपैकी एक संध्याकाळ दुसऱ्याच्या देवळात जाऊन बसायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. तिथे वाचन ऐकता येते, गीत गाता येते, प्रभूची प्रार्थना शेजारच्याच्या सुरात सूर मिसळून म्हणता येते. भाकर वाटायची वेळ आली की आपण बाकावरच बसून राहू आणि आपल्या रांगेतली माणसे उठून पुढे जातील. त्या चार-पाच मिनिटांत जे बोचेल, ते दोन्हीकडच्या पाळकांनी दुसऱ्या दिवशी एकमेकांना फोन करून सांगावे.